मुंबईच्या घरात हत्यारांचा कोपरा: जुनी हत्यारे निवडणे, दुरुस्त करणे आणि वापरात ठेवणे

मुंबईत घरच्या घरी सुतारकाम करायचे म्हटले की सगळे जण जागेची अडचण सांगतात. माझ्या मते जागेपेक्षा मोठी अडचण हवेची आहे. जून ते सप्टेंबर या काळात इथल्या हवेतली आर्द्रता अनेकदा ८० टक्क्यांच्या वर राहते, समुद्रावरून येणारे वारे मिठाचे सूक्ष्म कण घेऊन येतात, आणि हवेतली आर्द्रता साधारण ६० टक्क्यांच्या पुढे गेली की उघड्या पोलादावर गंज धरण्याचा वेग झपाट्याने वाढतो. म्हणून या शहरात जुन्या हत्यारांचा संग्रह केवळ मांडून ठेवण्यासाठी करणे परवडत नाही. जे हत्यार पंधरा दिवसांतून एकदा तरी हातात येते, पुसले जाते आणि तेलाचा हात फिरून परत जागेवर जाते, तेच टिकते. तेव्हा जेवढे वापरात राहील तेवढेच घ्यावे, आणि घेतलेले हत्यार कामाला लागेल इतकेच दुरुस्त करावे, या दोन मर्यादा धरून पुढचे सगळे लिहिले आहे.

सुरुवातीचा संच

पहिल्या वर्षी पुढील हत्यारांपलीकडे जाण्याची गरज पडू नये: साधारण १४ इंच लांबीचा एक रंधा, दोन सूत, चार सूत आणि आठ सूत रुंदीच्या तीन पटाश्या, लाकूड आडवे कापणारी एक करवत आणि पाठीला पट्टी असलेली बारीक दातांची दुसरी, काटकोन पाहण्याचा एक गुण्या, कडेला समांतर रेघ ओढण्याचे एक मार्किंग गेज, एक हातोडी, एक लाकडी मोगरी, हाताने फिरवायचे ड्रिल आणि चार इंची व्हाइस. सुतारांचा हिशेब आजही सुतात चालतो. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, त्यामुळे बाजारात ‘अर्धा इंच’ म्हणण्याऐवजी ‘चार सूत’ म्हटले तर मागितलेली वस्तू लवकर हातात येते. गुण्या, गेज आणि व्हाइस नवीन घेतले तरी चालतात. जुन्याचा खरा फायदा पटाश्या, रंधा आणि करवत या तिघांतच आहे, कारण तिथे पोलादाच्या दर्जावर सगळे अवलंबून असते आणि आज स्वस्तात मिळणाऱ्या नव्या मालात नेमकी त्याचीच खात्री नसते.

कुठे शोधावे

मुंबईत जुनी हत्यारे मिळतात याला कारण आहे. कापडगिरण्या, गोदी आणि परळ-माटुंग्याची रेल्वे वर्कशॉपे यांनी या शहराला फिटर, सुतार आणि खरादी यांच्या पिढ्या दिल्या, आणि त्यांच्याबरोबर इंग्लंडमधल्या शेफिल्डमध्ये बनलेली व नंतरच्या काळात देशात बनलेली हत्यारेही आली. १९८२ च्या गिरणी संपानंतर गिरण्या एकेक करून थंडावल्या आणि त्यातले बरेच लोखंड भंगारात गेले, काही घरांच्या माळ्यांवर गेले. म्हणून बाजारात जाण्याआधी लालबाग-परळपासून डोंबिवलीपर्यंत पसरलेल्या आपल्या नातेवाइकांकडे माळ्यावर पेटी आहे का, हे विचारावे. आजोबांच्या पेटीतली पटाशी बहुधा फुकट मिळते आणि ती कोणी, कशासाठी वापरली हेही कळते.

बाजारात जायचे तर पहिले नाव अर्थातच चोरबाजाराचे. तिथल्या मटन स्ट्रीटची दुकाने शुक्रवारी बंद असतात, आणि त्याच दिवशी आसपासच्या रस्त्यांवर पहाटेपासून जुमा बाजार भरतो. दुकानांत हत्यार ‘अँटिक’ म्हणून विकले जाते आणि भाव त्याप्रमाणे लागतो. रस्त्यावरच्या ताडपत्रीवर तेच लोखंड म्हणून विकले जाते. उजेडाची बॅटरी, छोटी स्टीलची पट्टी आणि एक लहान कानस खिशात असू द्यावी. कोरी करकरीत, खोक्यातली वस्तू अर्ध्या भावात कोणी पुढे केली, तर ती घेऊ नये. बाजाराच्या नावाची गंमत तिथे संपते. रे रोडजवळच्या दारूखान्यात जहाजतोडणीच्या व्यवसायाशी जोडलेला लोखंडाचा बाजार आहे; तिथे जड व्हाइस, मोठे पाने आणि घण यांचा शोध घ्यावा, सुतारी हत्यारांचा नव्हे. नव्या मालासाठी, म्हणजे कानशी, तेल-दगड, ड्रिलची पाती यांसाठी, मशीद बंदर स्टेशनवरून चालत जाण्याजोगी नागदेवी स्ट्रीट पुरेशी आहे.

हातात घेतल्यावर काय पाहावे

पटाशी घेताना आधी तिची सपाट बाजू पाहावी, धार नंतर. धारेपासून मागे एक-दीड इंचापर्यंत या सपाट बाजूवर गंजाचे खोल खड्डे असतील, तर पटाशी ठेवून द्यावी. कारण धार म्हणजे दोन पृष्ठभागांची भेट, आणि त्यातला एक खड्ड्यांनी भरलेला असेल तर धारेत तितक्याच खाचा पडतात. वरचा तांबूस गंज मात्र काळजीचा नसतो, तो एका दुपारी निघतो. पोलादाचा कस पाहण्यासाठी कानशीचे टोक धारेजवळच्या कडेवर हलकेच ओढावे. कानस काचेवरून घसरल्यासारखी घसरली तर पोलादाला पाणी चांगले चढलेले, म्हणजे ते तापवून-विझवून नीट कठीण केलेले आहे. लोण्यात शिरावी तशी शिरली तर पाते मऊ आहे किंवा कधीतरी ग्राइंडरवर जळलेले आहे. धारेजवळ निळसर-जांभळी झाक दिसली तर तीही जळाल्याचीच खूण. साधे कार्बन पोलाद ३०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापले की निळे पडते आणि धार धरण्याइतके कठीण राहत नाही. फक्त टोकाचे दोन-तीन मिलिमीटर निळे असतील तर तेवढे घासून काढता येतात.

पात्यावर इंग्रजीत ‘कास्ट स्टील’ असा ठसा असेल तर ते ओतीव लोखंड समजून टाकून देऊ नये. शेफिल्डच्या बेंजामिन हंट्समनने १७४० च्या दशकात मुशीत पोलाद वितळवण्याची जी रीत बसवली, त्या पोलादाला तिकडे हे नाव होते, आणि धारेच्या बाबतीत ते आजही कोणाला हार जात नाही.

लोखंडी रंधा घेताना पाते कसे आहे याला फारसे महत्त्व नाही, कारण नवे पाते मिळते. तोंडाजवळ, म्हणजे तळातल्या ज्या फटीतून पाते बाहेर येते तिच्याजवळ, किंवा बाजूच्या भिंतीवर केसासारखा तडा गेला आहे का, हे बॅटरीच्या उजेडात पाहावे. तडा असेल तर तो रंधा फुकटही नको. त्यानंतर सगळे स्क्रू मोजावेत. स्टॅनले आणि रेकॉर्ड या कंपन्यांच्या जुन्या घडणीच्या रंध्यांच्या स्क्रूंचे आटे वेगळ्याच मापाचे असतात, ते आपल्या हार्डवेअरच्या दुकानात मिळत नाहीत, आणि एका स्क्रूसाठी दुसरा रंधा घेण्याची वेळ येते. मूठ तुटलेली असेल तर बिघडत नाही. ती इपॉक्सीने जोडता येते किंवा शिसवीची नवी करता येते. या रंध्यांवरचे आकडे लांबी सांगतात: स्टॅनलेचा ५ आणि रेकॉर्डचा ०५ म्हणजे साधारण १४ इंची, ४ म्हणजे त्याहून आखूड, ७ म्हणजे २२ इंची. फ्लॅटमधल्या कामाला ५ क्रमांकाचा रंधा जवळपास सगळे करतो. शिसवीचा किंवा बाभळीचा देशी रंधा मिळाला तर तोही घ्यावा. तो हलका असतो आणि गंजायला त्यात फक्त पाते असते.

गुण्याची परीक्षा दुकानातच होते. फळीच्या सरळ कडेला गुण्या टेकवून एक रेघ ओढावी, गुण्या उलटा करून त्याच बिंदूतून दुसरी ओढावी. दोन रेघा एकमेकींवर बसल्या तर काटकोन बरोबर आहे; फाकल्या तर जेवढे अंतर दिसते त्याच्या निम्मी गुण्याची चूक असते.

गंज काढण्याची रीत

गंज काढण्याचे अनेक मार्ग सांगितले जातात. फ्लॅटसाठी मला लिंबूसत्त्वाचा, म्हणजे सायट्रिक ॲसिडचा मार्ग सगळ्यांत सोयीचा वाटतो. ते किराणा दुकानात मिळते, त्याला वास नाही आणि त्याची वाफ होत नाही. हत्याराचे सगळे भाग आधी सुटे करावेत आणि कोणता स्क्रू कुठला याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवावा. जुने तेल, ग्रीस आणि धूळ भांडी घासण्याच्या साबणाने पूर्ण काढावी, कारण तेलाखालच्या गंजापर्यंत आम्ल पोहोचत नाही. प्लास्टिकच्या उथळ टबात एक लिटर पाण्याला साधारण ५० ग्रॅम या प्रमाणात द्रावण करावे आणि पोलादी भाग पूर्ण बुडतील असे ठेवावेत. अर्धवट बुडालेल्या पात्यावर पाण्याच्या पातळीची रेघ कायमची उठते. पितळी भाग त्याच टबात टाकू नयेत, ते चिंचेने किंवा पितांबरीने वेगळे घासावेत. लाकडी मूठ तर अजिबात भिजवू नये.

तासा-तासाने भाग बाहेर काढून जुन्या टूथब्रशने घासून पाहावे. हलका गंज दोन तासांत सुटतो, जाड गंजाला चार ते सहा तास लागतात. रात्रभर ठेवण्याचा मोह टाळावा, कारण गंज संपला की आम्ल चांगल्या पोलादाकडे वळते आणि पृष्ठभाग खरखरीत राखाडी होतो. बाहेर काढल्यावर भाग पाण्याने धुवावेत, चमचाभर खाण्याचा सोडा घातलेल्या पाण्यात बुडवावेत म्हणजे उरलेले आम्ल मरते, आणि पुन्हा धुऊन लगेच पुसावेत. यानंतरची पाच मिनिटे महत्त्वाची आहेत. ओले उघडे पोलाद मुंबईच्या हवेत पाहता पाहता नारिंगी पडते. म्हणून केस वाळवण्याचा ड्रायर आधीच लावून ठेवावा, भाग हाताला गरम लागेपर्यंत वाळवावेत आणि गरम असतानाच शिलाई मशीनचे तेल चोळावे. वापरलेल्या द्रावणात थोडा सोडा टाकून फेस बसला की ते भरपूर पाण्याबरोबर मोरीत सोडता येते.

बाथरूम धुण्याचे ॲसिड या कामाला वापरू नये. ते हायड्रोक्लोरिक आम्ल असते, गंज पटकन काढते, पण त्याची वाफ खोलीतल्या इतर प्रत्येक लोखंडी वस्तूवर जाऊन बसते आणि आठवड्याभरात ड्रिलपासून दाराच्या बिजागरीपर्यंत सगळे लाल होते. ती बाटली हत्यारांच्या कपाटाजवळ ठेवणेसुद्धा टाळावे. बॅटरी चार्जर आणि धुण्याचा सोडा वापरून विजेच्या साहाय्याने गंज काढण्याची पद्धत उत्तम आहे, परंतु तिच्यात हायड्रोजन वायू सुटतो आणि चुकून स्टेनलेस स्टीलची पट्टी लावली तर पाण्यात घातक क्रोमियम उतरते. चाळीच्या किंवा फ्लॅटच्या खोलीत मी ती सुचवणार नाही.

गंज गेल्यावर पोलाद काळसर-राखाडी दिसते आणि तिथेच थांबावे. बफ मारून आरशासारखे चमकवलेले हत्यार फोटोत छान दिसते, पण त्या घासकामात बनवणाऱ्याचा ठसा, कडांचा काटेकोरपणा आणि मूळ मालकाने उमटवलेली आद्याक्षरे जातात. चमक फक्त तीन ठिकाणी हवी: पटाशीच्या सपाट बाजूवर, धारेच्या उतारावर (पाते तिरके घासून धार काढलेल्या बाजूवर) आणि रंध्याच्या तळावर.

पटाशीला धार

सायकलवरून फिरणाऱ्या धारवाल्याकडे सुरी द्यावी, पटाशी देऊ नये. त्याचे कोरडे चाक स्वयंपाकघरातल्या सुरीला चालते. पटाशीचे पाते त्यावर क्षणात तापते आणि वर सांगितलेली निळी झाक उमटते. पटाशीची धार हातानेच लावावी, आणि त्यासाठी महागड्या दगडांची गरज नाही.

काचवाल्याकडून आठ मिलिमीटर जाडीची, साधारण एक फूट लांब आणि चार-पाच इंच रुंद काच कापून, कडा घासून घ्यावी. फ्लोट काच कारखान्यातूनच इतकी सपाट येते की आपल्या कामाला तिच्याहून सपाट काही लागत नाही. हार्डवेअरच्या दुकानातून १२०, २२०, ४००, ८०० आणि १५०० क्रमांकाचे वॉटर पेपर आणावेत, काचेवर पाणी शिंपडून त्यावर पेपर चिकटवावा, आणि पटाशीची सपाट बाजू त्यावर टेकवून पुढे-मागे घासावी. पूर्ण बाजू घासण्याची गरज नाही. धारेजवळचा एक इंच पुरतो. पाते उचलले जाऊ नये म्हणून डाव्या हाताची दोन बोटे धारेच्या अगदी मागे दाबून ठेवावीत. पहिल्या पेपरवर कडेला आणि टोकाला एकसारखे चरे दिसू लागले, मधला काळा डाग गेला, की पुढच्या क्रमांकावर जावे. हे काम कंटाळवाणे आहे, पहिल्या पेपरवर अर्धा-पाऊण तास सहज जातो, पण ते प्रत्येक पटाशीला आयुष्यात एकदाच करायचे असते.

मग उताराकडे वळावे. मुख्य उतार २५ अंशांचा आणि अगदी धारेवरचा बारीक उतार ३० अंशांचा, हा सर्वसाधारण कामाचा मेळ आहे. कोनमापक नसेल तर पात्याची जाडी आणि उताराची लांबी मोजावी: लांबी जाडीच्या दुप्पट असेल तर कोन ३० अंश, सुमारे २.४ पट असेल तर २५ अंश. चार मिलिमीटर जाडीच्या पात्याला साडेनऊ मिलिमीटरचा उतार म्हणजे काम चोख. सुरुवातीला पाते धरण्याचा चाकाचा गाइड वापरायला हरकत नाही; ‘खरा कारागीर हातानेच धार लावतो’ हे ऐकायला बरे असले तरी गोलावलेल्या उताराने काम होत नाही. ४०० वर घासता घासता धारेच्या मागच्या, सपाट बाजूवर नखाला अडेल अशी बारीक कड उभी राहते, तिला कारागीर बर म्हणतात. धारेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बर अखंड लागली नाही तोवर पुढच्या पेपरला हात लावू नये. पुढच्या प्रत्येक क्रमांकावर उतारावर आठ-दहा घासे आणि सपाट बाजूवर दोन-तीन, असे आलटून पालटून करत गेले की बर झिजून गळते.

शेवटचा हात चामड्यावर. झिजलेल्या कोल्हापुरी चपलेचा तळवा धुऊन, वाळवून फळीवर चिकटवावा आणि त्यावर बफिंगचा हिरवा साबण चोळावा. वनस्पतींच्या सालीने कमावलेले ते चामडे या कामाला अगदी योग्य असते. पाते नेहमी मागे ओढावे, पुढे ढकलले तर चामडे कापले जाते आणि धारही गोल होते. धार तपासण्यासाठी हातावरचे केस कापून दाखवण्याची गरज नाही. पॅकिंगच्या खोक्याच्या मऊ पाइनचा तुकडा घेऊन त्याच्या टोकाकडच्या तोंडावरून, म्हणजे जिथे तंतूंची टोके उघडी असतात तिथून, पातळ काप काढावा. तंतू चुरगळून पांढरे पडले तर धार अजून आली नाही. तोंड गुळगुळीत, किंचित चमकदार निघाले तर आली.

रंधा

रंध्याच्या पात्याला धार लावण्याची रीत पटाशीसारखीच आहे. फक्त धारेचे दोन्ही कोपरे एक-दोन घाशांनी किंचित मारावेत, म्हणजे फळीवर त्यांच्या रेघा उमटत नाहीत. त्यावर बसणारी लोखंडी पट्टी, म्हणजे कॅप आयर्न, हा दुर्लक्षित भाग आहे. त्याची पुढची कड पात्यावर कुठेही फट न ठेवता टेकली पाहिजे. उजेडासमोर धरून फट दिसली तर ती कड काचेवरच्या पेपरवर घासून बसवावी, नाहीतर फटीत सालपट अडकते, तोंड तुंबते आणि आपण मात्र धारेला दोष देत बसतो. ही कड धारेच्या मागे जाडे काम करताना एक ते दीड मिलिमीटर आणि अखेरचा हात फिरवताना अर्ध्या मिलिमीटरहून कमी ठेवावी. सागवानात रेषा उलटसुलट असल्या तर या अंतराचा फरक लगेच जाणवतो.

लोखंडी रंध्याचा तळ तपासण्यासाठी पाते तोंडाच्या आत ओढून, पण सगळे भाग नेहमीसारखे आवळूनच, स्टीलची पट्टी तळावर उभी धरावी आणि उजेडाकडे पाहावे. पुढचे टोक, तोंडाच्या लगत पुढची कड आणि मागचे टोक ही तीन ठिकाणे एका पातळीत असली की बास. मधे कुठे खोलगट भाग राहिला तर तो राहू द्यावा. सगळा तळ आरसा करण्याच्या नादात लोक तोंड रुंद करून ठेवतात. घासायचाच असेल तर किचनच्या ओट्याच्या ग्रॅनाइटवर ८० क्रमांकाचा पेपर चिकटवून, तळावर पेनने रेघा मारून, त्या तीन ठिकाणच्या रेघा जाईपर्यंतच घासावा. ओटा नंतर पुसून द्यावा, एवढे घरातल्या शांततेसाठी आवश्यक आहे. तळावर साधी मेणबत्ती दोनदा फिरवली की रंधा निम्मा जोर लावूनही चालतो.

लाकडी रंध्याची गोष्ट वेगळी. त्यात स्क्रू नसतो. पाते पाचरीने आवळलेले असते. पाते खाली न्यायचे तर पात्याच्या माथ्यावर हलका ठोका, वर घ्यायचे तर रंध्याच्या मागच्या तोंडावर ठोका, आणि प्रत्येक वेळी पाचर पुन्हा दाबायची. पावसाळ्यात हा रंधा काम संपल्यावर पाचर सैल करून ठेवावा, नाहीतर फुगलेल्या लाकडात पाचर अशी अडकते की काढताना बाजूच्या भिंतीला तडा जातो.

करवत आणि दांडे

जुन्या करवतीचे पाते सरळ आहे का, हे बंदुकीची नळी पाहावी तसे पाठीवरून डोळा लावून पाहावे. गंज काढता येतो, दात पुन्हा घासता येतात, पण मुरडलेले पाते सरळ करणे हे घरचे काम नव्हे. नव्या करवतींचे दात टोकाशी निळे-काळे असतील तर ते इतके कठीण केलेले असतात की कानस त्यांना लागत नाही. ती करवत बोथट झाली की संपली. जुन्या करवतीला दोन लाकडी पट्ट्यांमध्ये धरून व्हाइसमध्ये आवळावे, सपाट कानस सगळ्या शेंड्यांवरून हलकेच फिरवून ते एका पातळीत आणावेत, आणि मग तिकोनी कानशीने प्रत्येक खाचेत सारखेच घासे मारावेत. शेंड्यावरचा चमकता ठिपका नाहीसा झाला की त्या दातावर थांबावे. लाकूड उभे चिरणाऱ्या करवतीचे दात सरळ काटकोनात घासले जातात, म्हणून शिकण्यासाठी तीच आधी घ्यावी. आडव्या कापाच्या करवतीला कानस तिरकी धरून एकाआड एक दात घासावे लागतात. दात डावी-उजवीकडे वाकवायचे ते चिमट्यासारख्या सॉ-सेटनेच, पकडीने नव्हे. काही देशी करवतींचे दात मुठीकडे झुकलेले असतात. त्या ओढताना कापतात, ढकलताना नाही.

हातोडीच्या दांड्यासाठी बाभूळ घ्यावी. सागवान दिसायला सुंदर असले तरी धक्का सोसत नाही, तुटते. दांड्याच्या तोंडावरच्या रेषा हातोडीच्या माराच्या दिशेने धावणाऱ्या हव्यात, आडव्या नव्हेत. सैल हातोडी पाण्यात बुडवून घट्ट करण्याची सवय सोडावी, कारण लाकूड वाळले की ती पूर्वीपेक्षा सैल होते. नवी पाचर ठोकावी. पटाशीची मूठ बदलताना जुनी पितळी शेंबी (मुठीच्या टोकावरचे कडे) जपून काढावी आणि तीच पुन्हा बसवावी. मुठींना जवसाचे तेल उत्तम, दोन-तीन पातळ हात, प्रत्येकामध्ये एक दिवस. मात्र तेलाने भिजलेली चिंधी चुरगळून डब्यात किंवा कचऱ्यात कधीही टाकू नये. जवसाचे तेल वाळताना उष्णता सोडते आणि चुरगळलेल्या कापडात ती साठून चिंधी आपोआप पेट घेऊ शकते. ती गॅलरीच्या कठड्यावर उलगडून कडक होईपर्यंत वाळवावी, नाहीतर पाण्यात बुडवावी.

जागा आणि शेजारी

आपल्याकडचा सुतार पिढ्यान्‌पिढ्या जमिनीवर बसून, पायाने लाकूड धरून काम करत आला आहे, आणि दीड खोलीच्या घराला ही बैठक उंच वर्कबेंचपेक्षा अधिक मानवते. गुडघ्याइतक्या उंचीचे, चार फूट लांब आणि दहा इंच रुंद असे जड बाकडे पुरते; एरवी ते पलंगाखाली जाते किंवा त्यावर कुंड्या बसतात. पायांखाली जाड रबर आणि त्याखाली जुनी सतरंजी घालावी. रंधा आणि करवत यांचा आवाज खालच्या मजल्यावर जात नाही, मोगरीचा जातो. म्हणून पटाशीने खाचा मारायच्या त्या बाकड्याच्या पायाच्या बरोबर वर, म्हणजे फळी घणघणत नाही, आणि दुपारी दोन ते चार ही वेळ सोडून. व्हाइस जाड फळीवर बसवून ती फळी दोन सी-क्लॅम्पनी बाकड्याला आवळली की भिंतीला किंवा गॅलरीच्या कठड्याला भोके पाडावी लागत नाहीत.

पावसाळ्याची तयारी

मेच्या अखेरीस सगळी हत्यारे एकदा बाहेर काढून पुसावीत आणि पोलादावर मेणाचा पातळ हात द्यावा. तेल पुसले जाते, मेण टिकते. पश्चिमेकडच्या ओल धरणाऱ्या भिंतीवर टांगलेली हत्यारे चार महिने तिथून हलवावीत. चामड्याच्या म्यानात, स्पंजात किंवा कापडी गुंडाळीत पाती ठेवू नयेत, कारण हे सगळे ओल शोषून पात्याला चिकटवून ठेवतात. घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या पेटीत सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवणे सर्वांत खात्रीचे. रंग बदलणारे जेल घेतले तर ते कधी भाजून कोरडे करायचे ते कळते. पेटीत कापराच्या वड्या ठेवण्याची जुनी रीत आहे. ती सिलिकाच्या जोडीला असू द्यावी, तिच्या जागी नको. वापरानंतर पाते पुसणे हे मात्र बारा महिन्यांचे काम, कारण घामातले मीठ बोटांच्या ठशांच्या आकारात गंज उमटवते.

पहिले काम: फुगलेले दार

जुलैमध्ये न लागणारे दार हे या संचासाठी योग्य काम आहे. लाकूड ओल पिऊन रेषांच्या आडव्या दिशेने फुगते, लांबीत जवळजवळ नाही; म्हणून दार बहुधा कुलपाच्या बाजूला अडते. आधी बिजागऱ्यांचे स्क्रू आवळून पाहावेत, कारण कित्येकदा दार फुगलेले नसते, फक्त खाली ओघळलेले असते. तरीही अडत असेल तर चौकटीच्या आतल्या कडेला रंगीत खडू चोळावा आणि दार दोन-तीनदा लावून उघडावे. दाराच्या कडेवर जिथे रंग उमटतो तेवढेच लाकूड काढायचे असते, त्या सबंध कडेला हात लावायचा नसतो.

फ्लश डोअर, म्हणजे दोन्ही अंगांनी सपाट असे तयार दार, असेल तर त्याच्या कडेला सलग लाकडाची पट्टी असते. तिची जाडी पाहून ठरवावे, ती संपली की आतला पोकळ भाग किंवा प्लायवूड उघडे पडते. कडेवर सनमायका लावलेला असेल तर तो आधी सोडवावा, त्यावर रंधा चालवला की धार तिथल्या तिथे जाते. दार बिजागऱ्यांवरून उतरवून कुलपाची कड वर येईल असे आडवे उभे करावे आणि दुसऱ्या माणसाला ते धरायला सांगावे. रंध्याचे पाते इतके बारीक ठेवावे की सालपटातून उजेड दिसेल, खुणेच्या दोन इंच अलीकडून सुरुवात करून दोन इंच पलीकडे संपवावे, आणि दर चार-पाच हातांनंतर पुन्हा खडू लावून पाहावे. पावसाळ्यात एक मिलिमीटरहून जास्त काढू नये. ऑगस्टमध्ये ऐसपैस लागणारे दार जानेवारीत फटीतून वारा सोडते. कुलपाच्या बाजूची कड, ज्या अंगाने दार चौकटीत शिरते तिकडे दोन-तीन अंश उतरती ठेवली तर लाकूड कमी काढूनही दार मोकळे लागते. वरची किंवा खालची कड घासायची वेळ आली तर दोन्ही टोकांकडून मध्याकडे रंधा न्यावा, नाहीतर शेवटच्या टोकाला लाकडाची चिरफळी उडते.

उघडे पडलेले लाकूड तसेच ठेवले तर ते पुन्हा ओल पिते. म्हणून त्याच दिवशी त्यावर चपड्याच्या (लाखेच्या) पॉलिशचा एक हात द्यावा, आणि ऑक्टोबरमध्ये हवा कोरडी झाली की ऑइल पेंटचे दोन हात द्यावेत. दार खाली उतरवलेलेच आहे तर त्याच्या वरच्या आणि खालच्या कडाही पाहून घ्याव्यात. रंगारी सहसा त्यांना ब्रश लावत नाहीत, आणि दार दरवर्षी फुगते ते बऱ्याचदा तिथूनच पाणी पिऊन.